पस्तिसावा टाका

टिंग.

आवाज इतका स्वच्छ आला की लिझेटने पत्रातून मान वर केली. ओट्यावर जुन्या पंचावर सात बरण्या रांगेत होत्या, सफरचंदाचा गर भरून नुकत्याच उकळत्या पाण्यातून काढलेल्या. गार होता होता झाकण आत ओढलं जातं आणि असं वाजतं. वाजलं की ती बरणी हिवाळाभर टिकणार.

"एक!" टेबलाखालून कोरीन ओरडली. तिला या वर्षीच पाच पूर्ण झाली होती आणि सध्या ती सगळं मोजत होती. पायऱ्या, कावळे, बाबाच्या ट्रकची चाकं.

"ममां, तू रडतेयस?"

"नाही गं. कांदा."

"कांदा कुठेय?"

लिझेटने पत्राची घडी घातली. वॉशिंग्टनच्या मजूर खात्याचं पत्र होतं, दोन पानी, अगदी सभ्य भाषेत. चौकशी झाली, कंपनीकडून माहिती मागवली, आणि कामगार मदतीस पात्र ठरत नाहीत. परदेशी मालामुळे ज्यांचं काम गेलं त्यांच्यासाठीच ही मदत आहे. तुमचा कारखाना 'हेरॉन' नावाचा जोडा बनवत होता. तो जोडा कंपनीने बंदच केला आहे, तो आता कुठेच बनत नाही. म्हणजे तो बाहेरून येतो असं म्हणता येत नाही. फेरविचाराचा अर्ज करायचा तर तीस दिवसांत, नवा पुरावा जोडून.

कारखाना मे महिन्यात बंद झाला होता. चौऱ्याऐंशी माणसं. नदीकाठच्या त्या विटांच्या इमारतीत लिझेट अकरा वर्षं बसली, हातशिलाईच्या ओळीत, खिडकीकडून तिसरी. आरीने चामड्याला भोक पाडायचं, दोन्ही बाजूंनी दोन सुया घालायच्या आणि मेणवलेला दोरा ओढताना दोन्ही हात पंखांसारखे बाजूला फेकायचे. म्हणून हातशिलाईवाल्यांची स्टुलं लांब लांब असत, नाहीतर शेजाऱ्याचं नाक फुटायचं. गावातली अर्धी लग्नं अशी नाकं फुटूनच जमली होती, असं मोनोंक क्लोव्हिस सांगायचा. गावच्या फ्रेंचमध्ये मोनोंक म्हणजे काका. तो कुणाचाच सख्खा नव्हता, पण अमेरिकेच्या कोपऱ्यातलं ते सगळं मेन राज्य जणू त्याचं पुतणं होतं.

मदत मिळाली असती तर काय झालं असतं, हे लिझेटला तोंडपाठ होतं. पुलापलीकडच्या कॉलेजात नर्सिंगचा दीड वर्षाचा कोर्स. फी सरकार भरणार, शिकत असताना दर आठवड्याला भत्ता. जानेवारीत वर्ग सुरू. कॉलेजातल्या बाईंनी तिची जागा ऑक्टोबरअखेरपर्यंत धरून ठेवली होती. आणि नाही मिळाली, तर कनेटिकटला दिराकडे. रोझेर, तिचा नवरा, लाकडाचा ट्रक चालवायचा, तो तिकडे दुसरा काहीतरी ट्रक चालवेल. ती दुकानात उभी राहील. कोरीनला फ्रेंच विसरायला सहा महिने पुरतील.

टिंग. टिंग.

"दोन! तीन! ममां, माझा जोडा फाटला."

खरंच फाटला होता. अंगठा बाहेर येऊन इकडेतिकडे बघत होता.

"जोड्यांच्या गावात राहून पोरीच्या पायात जोडा नाही," लिझेट म्हणाली. "चल. उठ."

हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात जोड्यांच्या दोन लांब ओळी होत्या. कोरीनला लाल हवा होता, मग निळा हवा होता, मग चमकणारा हवा होता. शेवटी ती हट्टाने बायकांच्या ओळीत शिरली आणि एका मोठ्या तपकिरी मॉकसिन जोड्यात दोन्ही पाय एकत्र घालून सशासारख्या उड्या मारायला लागली.

"काढ आधी. विकत घ्यावा लागेल."

लिझेटने तो जोडा तिच्या पायातून ओढला आणि परत खोक्यात ठेवायच्या आधी सवयीने पुढच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. हातशिलाईवाल्याला हे टाळता येत नाही. गवयाला दुसऱ्याचा सूर ऐकू येतोच, तसं. अंगठा आपोआप मोजतो. हेरॉनच्या नाकावर चौतीस टाके. या जोड्याचं नाव 'लेकसाइड' होतं, खोक्यावर तळ्याचं चित्र होतं, जिभेच्या आत 'एल साल्वादोर' छापलं होतं. पण चामडं तेच, वळण तेच, टाचेची पट्टी तीच.

अंगठा करंगळीच्या बाजूला आला आणि थांबला.

तिथे दोन टाके एकमेकांना चिकटले होते. गर्दीत माणसं चिकटतात तसे. तिने पुन्हा मोजले. पस्तीस.

उजवा जोडा घेतला. चौतीस. दुसरं खोकं उघडलं. डावा: पस्तीस, करंगळीपाशी दोघे चिकटलेले. उजवा: चौतीस. तिसरं खोकं. चौथं. थोड्या वेळाने दुकानातला पोरगेलासा विक्रेता आला, तेव्हा बाई जमिनीवर मांडी घालून बसली होती, भोवती अकरा उघडी खोकी होती, आणि ती हसत होती. नुसती हसत नव्हती, डोळे पुसत होती.

"मॅडम, कुठला नंबर हवाय?"

"सगळे सारखेच आहेत!" ती म्हणाली. "सगळ्यांना एकच डाग आहे!"

"मॅनेजरना बोलावू का?"

"नको रे बाबा. हा एक जोड बांधून दे. आणि पावती नीट लिही, आज तारीख काय?"

गाडीत कोरीन म्हणाली, "आणि माझा?"

तेव्हा लिझेटच्या लक्षात आलं की पोरीचा जोडा राहिलाच. ती परत आत गेली. चमकणारा घेतला.

वाटेत तिने गाडी सरळ क्लोव्हिसच्या अंगणात घातली. तिच्यासारखाच हातशिलाईवाला, एकसष्ट वर्षांचा क्लोव्हिस लाकडं फोडत होता. त्याने जोडा हातात घेतला, चष्मा न लावता अंगठा फिरवला, आणि कुऱ्हाड टेकवून ठेवली.

"पोरी, हा तुझा हात आहे."

"माझाच. आठवतंय? नमुना?"

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. नववा महिना भरत आला होता. फोरमन आला आणि म्हणाला, लिझेट, एक जोड अगदी मन लावून शिव, बाहेर नमुना म्हणून पाठवायचाय, कुठलंसं प्रदर्शन आहे. डाव्या जोड्याच्या बाविसाव्या टाक्याला पोटातून अशी लाथ बसली की हात उडाला, आरी भलतीकडे घुसली. ती चूक लपवायला तिने शेजारी एक जादाचा टाका घातला आणि वळण सावरून घेतलं. त्यानंतर दोन दिवसांनी कोरीन झाली. घरात ही गोष्ट इतक्यांदा सांगून झाली होती की कोरीन ती स्वतःला आठवल्यासारखी सांगायची.

"प्रदर्शन कसलं डोंबलाचं," क्लोव्हिस म्हणाला. "तिकडे त्यांनी तुझ्या जोड्यावरून साचा पाडला. भोकं मोजून. त्यांना काय माहीत कुठलं भोक बाळाचं आहे! आणि तेव्हापासून आपल्या ऑर्डरी निम्म्या झाल्या, आठव. नाव बदललं, खोकं बदललं, झालं."

"म्हणजे हेरॉन बंद नाही पडला."

"तो मजेत आहे. एल साल्वादोरला." तो जोडा उलटसुलट करून बघत राहिला. "पण वॉशिंग्टनला तुझा अंगठा चालणार नाही पोरी. त्यांना कागद लागतो. तो नमुना आपल्याकडून असाच, पस्तीस टाक्यांचा गेला, हे कुणीतरी लिहून दिलं पाहिजे. ज्याने तो तपासून पास केला त्याने."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"अरे देवा," लिझेट म्हणाली.

फर्नांड. सव्वीस वर्षं शेवटच्या टेबलावर बसून प्रत्येक जोडा तपासणारी फर्नांड. शिक्का नंबर नऊ. तिने परत फेकलेल्या जोड्यांमुळे एकदा एक माणूस कारखाना सोडून सरळ सैन्यात गेला, तिथे जरा निवांत असतं म्हणून. मूळ अर्जाला तीन कामगारांच्या सह्या लागल्या होत्या, लिझेट, क्लोव्हिस आणि फर्नांड. ती तिसरी सही करतानासुद्धा तिने आधी अर्जातल्या दोन चुका दाखवल्या होत्या.

शनिवारी चर्चच्या तळघरात सार्वजनिक जेवण होतं, दर महिन्यासारखं. खड्ड्यात पुरून काकवीत शिजवलेला घेवडा, वाफवलेला काळा पाव, कोबी, आणि अकरा प्रकारच्या गोड पाई, म्हणजे सारण भरून भाजलेल्या जाड पोळ्या. घेवड्याच्या पातेल्यामागे डाव घेऊन फर्नांड उभी होती, आणि कुणाला किती वाढायचं हे तीच ठरवत होती.

"फर्नांड, जरा बोलायचंय."

"रांगेत बोल. क्लोव्हिस, ताट सरळ धर, रस सांडतोय."

"त्या नमुन्याबद्दल," लिझेट हळू म्हणाली. "मला लाथ बसली होती तो."

डाव हवेत थांबला. "कुठला नमुना?"

"तू म्हणाली होतीस, 'नमुनाच आहे, कोण मोजतंय. पाय सुजलेत तुझे, घरी जा.'"

"मी असं काही म्हटलेलं नाही."

"तू शिक्का मारलास, फर्नांड."

"सव्वीस वर्षं!" फर्नांडने आवाज खाली आणला, म्हणजे आता तो फक्त पाचव्या टेबलापर्यंत जात होता. "सव्वीस वर्षांत माझ्या टेबलावरून वाकडा जोडा गेलेला नाही. विचार कुणालाही. आणि तू मला सरकारला लिहून द्यायला सांगतेस की गेला? उद्या माझ्या थडग्यावर काय लिहितील?"

"घेवडा कमी वाढायची, असं," मागून कुणीतरी म्हणालं.

"तू गप. तुला आता पाव नाही."

लिझेटने वाद घातला नाही. पिशवीतून डावा जोडा काढला आणि पातेल्याशेजारी ठेवला. फर्नांडने नको नको म्हणत तो उचललाच. हातशिलाईवाल्याचा अंगठा मोजतो, तर तपासणारीचा डोळा, कान, सगळंच मोजतं. तिने ओठ हलवत मोजले. करंगळीपाशी आली आणि तिचा चेहरा घेवड्याच्या रंगाचा झाला.

"हा... हा कुणी पास केला?" ती गरजली. "तिकडे कुणी तपासणारी नाही का? डोळे काय गहाण टाकलेत? असला जोडा मी..."

ती थांबली. सगळं तळघर थांबलं.

"फर्नांड मातांत," मावशीला हाक मारावी तशी कोरीन खुर्चीवर उभी राहून म्हणाली, "सगळ्या खोक्यांत तसाच आहे. ममांनी अकरा खोकी उघडली. माझी लाथ सगळ्यांत आहे."

फर्नांड जोड्याकडे बघत राहिली. मग फार सावकाश, जणू बरणीचं झाकण उघडावं तसं, तिच्या तोंडाचं एक टोक वर गेलं.

"तिकडे नमुना टांगलेला असणार भिंतीवर," ती म्हणाली. "माझ्या शिक्क्याचा. तिथली तपासणारी त्याच्याशी ताडून बघत असणार. म्हणजे एखाद्या गुणी बाईने नीट चौतीस टाके घातले..."

"...तर नापास," क्लोव्हिस म्हणाला.

"नापास!" फर्नांड किंचाळली. "उसवायला लावत असतील तिला! बरोबर जोडा परत फेकत असतील, का, तर त्यात लिझेटच्या पोरीची लाथ नाही!" आणि मग ती हसायला लागली. सव्वीस वर्षांत तिला असं हसताना कुणी बघितलं नव्हतं. डाव पातेल्यात पडला. आधी क्लोव्हिस, मग लिझेट, मग ज्यांना काही कळलं नव्हतं तेसुद्धा हसायला लागले. पाद्रीबुवा जिन्यावरून धावत खाली आले, त्यांना वाटलं काहीतरी पेटलं.

"कागद आणा," फर्नांड डोळे पुसत म्हणाली. "आत्ता आणा, उद्या माझं मन बदलेल."

कागद नव्हता. टेबलावर अंथरलेल्या पांढऱ्या कागदाचा तुकडा पाई कापायच्या सुरीने कापला. फर्नांडने उभ्या उभ्या लिहिलं, आणि कुणाचाही शब्द घेतला नाही. मी, शिक्का नंबर नऊ, अमुक साली, अमुक महिन्यात, हेरॉन जोड्याचा एक नमुना पास केला. त्याच्या डाव्या पायात एक टाका जास्त होता. मला दिसला होता. शिवणारी गरोदर होती आणि तिचे पाय सुजले होते. असं मी एकदाच केलं. 'एकदाच'खाली तिने दोन रेघा मारल्या. कोपऱ्यावर काकवीचा डाग पडला, तो पुसायला गेली तर पसरला.

"राहू दे," क्लोव्हिस म्हणाला. "खरा वाटेल."

सोमवारी कागद, दुकानातला जोड, पावती, आणि क्लोव्हिसच्या पायातला त्याने स्वतः शिवलेला जुना हेरॉन, असं सगळं एका खोक्यात भरून त्यांनी पोस्टात टाकलं. क्लोव्हिस मोजे घालूनच घरी गेला.

मग काहीच नाही. एक आठवडा, दोन, तीन. मेपलची पानं लाल झाली, गळली, कोरीनने ती मोजायचा नाद सोडला. रोझेर शनिवारी यायचा, काही विचारायचा नाही, आणि दिराचा फोन आला की "बघतो" म्हणून ठेवायचा. लिझेटने एकदा माळ्यावरून रिकामी खोकी काढली, मग परत ठेवली.

ऑक्टोबरच्या एका सकाळी फोन वाजला. पलीकडे वॉशिंग्टनचा एक माणूस होता, जरा लाजाळू आवाजाचा. त्याने स्वतःचं नाव सांगितलं, घसा साफ केला.

"बाई, तुमचे जोडे माझ्यासमोर आहेत. मी टाके मोजतोय. पण दर वेळी वेगळे येतात."

"कशाने मोजताय?"

"पेन्सिलीने."

"पेन्सिल ठेवा बाजूला," लिझेट म्हणाली. तिचा आवाज एकदम अकरा वर्षं शिवलेल्या बाईचा झाला, नवख्याला शिकवायचा. "अंगठा घ्या. डोळे मिटा."

"डोळे मिटू?"

"मिटा. डोळे फसवतात. आतल्या घोट्याच्या बाजूने सुरू करा. प्रत्येक उंचवट्यावर थांबा, घाई नको. मोजा मोठ्याने."

आणि तो मोजायला लागला. वॉशिंग्टनच्या कुठल्याशा कचेरीत डोळे मिटून, लहान मुलासारखा. एकवीस. बावीस. कोरीन लिझेटच्या मांडीवर चढून फोनला कान लावून बसली होती आणि ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर मोजत होती. तेवीस आला आणि तो थबकला.

"अरे," तो म्हणाला. "इथे दोन आहेत."

"ते मी!" कोरीन फोनमध्ये ओरडली.

मग तो माणूस हसला, सरकारी माणसाला शोभणार नाही असा. "कळलं. पस्तीस. उजव्यात चौतीस. आणि जुन्या जोड्यात दोन्ही चौतीस." पेन्सिलीचा आवाज आला. "बाई, मला यापेक्षा जास्त काही सांगता येणार नाही. पण कंपनीला आज पुन्हा पत्र जाईल, आणि या वेळी प्रश्न जोड्याच्या नावाबद्दल नसेल."

"आणि मोनोंकचा जोडा परत पाठवा!" कोरीन म्हणाली. "त्याचे पाय गार पडलेत!"

पत्र आलं ते ऑक्टोबरच्या अठ्ठाविसाव्या दिवशी. पोस्टमन ते पेटीत न टाकता दारापर्यंत घेऊन आला आणि तिथेच उभा राहिला. त्याची बहीण टाचेच्या विभागात होती. लिझेटने पहिली ओळ वाचली, मग दुसरी, मग परत पहिली. कारखान्याचे सर्व कामगार, चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी, मदतीस पात्र.

"काय म्हणतंय?" पोस्टमन म्हणाला.

तिने त्याला मिठीच मारली.

आधी कॉलेजला फोन केला. बाई म्हणाल्या, जागा आहे, ये. मग रोझेरला, ट्रकवर. तो इतका जोरात हॉर्न वाजवायला लागला की फोनमध्ये दुसरं काही ऐकूच येईना. संध्याकाळी घर भरलं. खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक जिन्यावर बसले. कुणी मांसाची पाई आणली, कुणी सफरचंदाचं सायडर, कुणी नुसतीच मुलं. क्लोव्हिस म्हणाला मी बोटींची इंजिनं दुरुस्त करायला शिकणार, एकसष्टाव्या वर्षी शाळेत जाऊन मास्तरणीच्या प्रेमात पडणार.

"आणि तू, फर्नांड?"

"मला काहीतरी तपासायला द्या," फर्नांड म्हणाली. "काहीही. चष्मे, गोळ्या, विमानं." मग लिझेटकडे वळली. "आणि तू माणसांना टाके घालायला शिकलीस की पहिला माणूस माझ्याकडे आण. मी मोजीन."

"एखादा जास्त झाला तर?"

"तर घरी जा म्हणेन," फर्नांड म्हणाली, आणि तोंड फिरवून जोरजोरात पाई कापायला लागली.

लिझेट ओट्यावरून गराची बरणी काढायला गेली. पाहुण्यांना पावावर लावायला. कोरीन मागोमाग आलीच, पायात तो दुकानातला डावा जोडा. त्या फोननंतर टपालाने सगळं परत आलं होतं, तेव्हापासून ती तो काढत नव्हती. फटक फटक करत आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. करंगळीपाशी बोट ठेवून दोन टाके चाचपडत होती.

"ममां, तिकडची बाई रोज माझी लाथ शिवते?"

"रोज."

"सगळ्या जोड्यांत?"

"सगळ्या डाव्या जोड्यांत."

कोरीनने जरा विचार केला. आत कुणीतरी चमचे वाजवायला सुरुवात केली होती, क्लोव्हिसचा परत आलेला जुना हेरॉन ताल धरत होता. लिझेट बरणीचं झाकण फिरवत होती, ते घट्ट बसलं होतं.

"मग तिच्या पोटातल्या बाळाने लाथ मारली," कोरीन म्हणाली, "की तिला घरी जा कोण म्हणतं?"